सुई फिरवणारा हात

नमस्कार श्रोतेहो.

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. मीडियम वेव्ह, १२५१ किलोहर्ट्झ. पण त्याच्या जन्माआधीच रेडिओवाल्यांना श्रोत्यांनी एकदा चांगलं वळण लावलेलं होतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत, आणि बघता बघता आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. पाच वर्षांत सरकारला उपरती झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि गाणी घरी परतली.

केसकरांना हसणं सोपं आहे. पण रेडिओवर शास्त्रीय संगीताला त्यांच्यामुळं जी बैठक मिळाली, ती संगीताचं गाव असलेल्या मिरजेच्या शेजारी राहणाऱ्या माणसानं नाकारू नये.

पेटीची गंमत मात्र सांगायलाच हवी. हार्मोनियमला आकाशवाणीवर १९४० पासून बंदी होती. हे वाद्य परदेशी, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जाणं, निघत नाही, सूर ठरावीक पट्टीत बांधलेले, असा आक्षेप. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली ती याच सांगलीत. इथली पिढ्यान् पिढ्यांची नाट्यगीतं पेटीच्या साथीवर वाढलेली. आणि इथं केंद्र निघालं तेव्हा मिरजेच्या तंबोऱ्याला स्टुडिओत मान, पेटीला मज्जाव! ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. साहेबाच्या काळातला हुकूम साहेब गेल्यावरही चोवीस वर्षं चालला, याला काय म्हणावं?

आता शेतीकडं येतो, कारण माझ्या मते रेडिओचा खरा चेहरामोहरा तिथं बदलला. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. आपला सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा, तो त्यात नव्हता. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. गावात मंडळी जमायची, रेडिओ ऐकायची आणि तो बंद झाल्यावर वाद घालायला बसायची. खत कुठलं, विहीर कुणाच्या बांधावर, कोंबड्या पाळायच्या का. मग त्यांचे प्रश्न टपालानं पुण्याला जायचे, आणि उत्तरं रेडिओवरून यायची. १९५९ पासून अशी रेडिओ ऐकून चर्चा करणारी शेतकऱ्यांची मंडळं देशभर निघाली. तोवर रेडिओ बोलायचा आणि गावानं ऐकायचं, असा एकतर्फी कारभार होता. फर्माईशीचं पोस्टकार्ड आपण कौतुकानं आठवतो, पण ‘आमच्या उसाला हुमणी लागलीय, काय करू?’ असं विचारणारं कार्ड मला त्याहून मोलाचं वाटतं.

मीडियम वेव्हचा यात मोठा वाटा. या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, डोंगर आडवा आला म्हणून एकदम तुटत नाहीत. म्हणून पाटणच्या खोऱ्यातल्या वाडीपासून जतच्या माळापर्यंत एकच मनोरा पुरायची सोय. एफएमचं तसं नाही. आवाज नितळ, पण लहर सरळ रेषेत चालणारी. घाटामागं गेलात की खरखर. मीडियम वेव्हचे रात्री मात्र हाल. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरातून लांबच्या केंद्रांच्या लहरी परतून येतात, आणि आपल्या केंद्रात भलतीच भाषा मिसळते.

ट्रान्झिस्टर उघडून पाहिलाय कधी? आत वीतभरही नसलेली काळी कांडी असते, तिला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. एरियल म्हणतात ते हेच. कांडीचं टोक केंद्राकडं झालं की आवाज बसतो, ती आडवी झाली की उठतो. हे शास्त्र न शिकताही शेतकरी चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर बांधावर ठेवताना आधी तो गोल फिरवायचा. पिशवीच्या भोकांतून आवाज मोकळा आला की खुरपं हातात.

मोबाइलमध्ये ही कांडी नसते. त्यामुळं फोनवर एफएम लागतं ते इअरफोनच्या वायरीला एरियल करून, आणि मीडियम वेव्ह लागतच नाही. केंद्रं आता अॅपवर ऐकू येतात, सांगलीचा माणूस दुबईत बसून ऐकू शकतो. छान आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांची धोका पातळी मागं टाकली, तेव्हा कितीतरी भागांत आधी वीज गेली आणि मग फोन. दोन सेलवर चालणारा संच ज्यांच्या घरात आहे, त्यांनी पावसाळ्याआधी सेल बदलून ठेवावेत. आणि नदीची पातळी कुठल्या वेळी सांगितली जावी, हे केंद्राला एका कार्डावर लिहून कळवावं. पत्ता तुम्हाला पाठ आहेच.

नमस्कार.