सभागृहाचं संग्रहालय होताना

(एका महाविद्यालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात उभं राहिलं की एका बाजूला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दिसतं. तिथे शाळेच्या सहली रांगा लावून जातात. त्याच्या समोरच्या अंगाला घुमट असलेली एक दगडी इमारत आहे, तिच्यावरून मात्र बहुतेक लोक पुढे निघून जातात. ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, एनजीएमए. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. ती वास्तू शहरानं आणि इथल्या कलावंतांनी झगडून मिळवलेली आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलंच जात नाही.

मुळात ते सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. जहांगीर घराण्याची देणगी, जॉर्ज विटेट यांचा आराखडा, साल १९११. त्यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मुंबईला काही म्हणायचं असलं की ते या सभागृहात म्हटलं जायचं. पुणे करारावर सह्या झाल्या २४ सप्टेंबर १९३२ ला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मदनमोहन मालवीयांच्या अध्यक्षतेखाली इथे मोठी सभा भरली आणि अस्पृश्यतेविरुद्ध काम करायला अखिल भारतीय संघटना उभी करायचं ठरलं. पुढे तिचाच हरिजन सेवक संघ झाला. त्या संघटनेच्या कामाबद्दल बाबासाहेबांनी किती कठोर लिहून ठेवलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो वाद आजचा विषय नाही. पण ज्या जागेत आज आपण चित्रं बघतो, तिथे आपला इतिहास घडलेला आहे, एवढं ध्यानात असू द्या.

पुढे शहरात वातानुकूलित नाट्यगृहं आली आणि या सभागृहाला उतरती कळा लागली. कामगार संघटनांच्या सभा, बॉक्सिंगचे सामने, लग्नाचे स्वागत समारंभ, चामड्याच्या वस्तूंचे आणि हातमागाच्या कापडाचे सेल, मिळेल त्याला हॉल भाड्यानं जायचा.

तिकडे दिल्लीत १९५४ साली जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं होतं. मुंबईचं काय? सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या आधुनिक कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७ साली जमला तो मुंबईत. १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी होती, पण तिथे आठवडाभर चित्रं लागायची आणि उतरायची. आधुनिक भारतीय चित्रकलेचं एवढं मोठं काम ज्या शहरात झालं, तिथल्या माणसाला ते कायमचं बघायला जागाच नव्हती! ही खंत शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केमोल्ड या कलादालनाचे केकू गांधी यांनी मनावर घेतली. हे सभागृह पाडू नका, विकू नका, कलेला द्या, म्हणून त्यांनी सरकारदरबारी पाठपुरावा केला. नूतनीकरणाला बारा वर्षं लागली. संग्रहालय उघडलं १९९६ साली. पिलूबाई १९८६ मध्येच गेल्या होत्या. ज्या दालनांसाठी त्या झिजल्या, त्यांत त्यांना पाऊल टाकता आलं नाही.

आत गेलात तर काय दिसतं? बाहेरचं दगडी कवच जुनंच ठेवून आतला भाग नव्यानं रचला आहे. अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत जातात आणि शेवटी तुम्ही थेट घुमटाखाली पोचता. जिना चढताना मागे वळून बघा. खाली जवळून पाहिलेलं चित्र आता वरून, लांबून दिसतं आणि त्याची रचना वेगळीच कळते. गोलाकार भिंतींवर प्रचंड मोठे कॅनव्हास लावताना अडचण होते, हेही खरं. मागे सरकून बघायला जागा अपुरी पडते. तरी मला ही इमारत आवडते, कारण ती माणसाला चालायला लावते.

पहिलं प्रदर्शन प्रोग्रेसिव्ह गटाचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. पुढे पिकासोही आला. पण मला सविस्तर बोलायचंय ते चित्रकार प्रभाकर बरवे यांच्याबद्दल. अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, मग बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी. बनारसला तंत्रकलेशी, म्हणजे तांत्रिक साधनेतल्या चिन्हांच्या कलेशी, ओळख झाली. नंतर मुंबईत त्यांनी एनॅमल रंग हाती घेतला, दारं-खिडक्या रंगवतात तो. त्या चकचकीत, सपाट रंगात एक पान, एक घड्याळ, एक रिकामी पेटी अशा रोजच्या वस्तू ते मांडत. वस्तू ओळखीची, पण तिची सावली भलतीकडेच पडलेली. चित्राचा विचार मराठीत कसा करायचा, हे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहून त्यांनी आपल्याला दाखवलं. १९९५ च्या डिसेंबरात ते गेले. संग्रहालय उघडायला तेव्हा एक वर्ष बाकी होतं.

त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन इथे भरलं २०१९ च्या फेब्रुवारीत. उद्‌घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. ते स्वतः जे. जे. चे, चित्रकार. मुंबईतल्या कलावंतांची सल्लागार समिती आता उरलेली नाही आणि निर्णय दिल्लीहून होणार, हा प्रश्न त्यांनी काढला. त्यांना मध्येच थांबवण्यात आलं, बरवेंपुरतंच बोला असं सांगण्यात आलं. समितीची मुदत संपली होती, नवी नेमली जाईल, असं नंतर संग्रहालयाकडून सांगितलं गेलं. मला विचाराल तर पालेकर विषय सोडून बोलतच नव्हते. बरवेंसारख्या चित्रकाराला पाच मजले मिळतात, कारण इथलं काम आतून ओळखणारी माणसं कुठेतरी निर्णयात असतात. ती काढून टाकली तर पुढच्या बरवेंसाठी शब्द कोण टाकणार? हा अधिकार स्थानिक कलावंतांकडे असायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीला चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन तिथे झालं, ही आनंदाची गोष्ट. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता करता या माणसानं कामगार, लोकल, चाळी, उड्डाणपूल रंगवले. आणि आणखी एक केलं. ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन त्यांनी २००८-०९ मध्ये महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं. मूळ चित्रं, छापील प्रती नव्हेत. मुंबईला येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला कॅनव्हासवरचा रंगाचा थर डोळ्यांनी दिसला. एनजीएमएनं हे काम आपलं मानून दरवर्षी करावं. संग्रह त्यांच्याकडे आहे, तज्ज्ञ आहेत, आणि नाव तर ‘राष्ट्रीय’ आहे.

तुम्ही कलाशिक्षक आहात, तर मुलांना घेऊन जा. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. मुलांना एकाच मजल्यावर तासभर थांबू द्या, पाचही मजले पळवत दाखवू नका. आता पडद्यावर पटवर्धनांची काही चित्रं बघू, ‘इराणी रेस्टॉरंट’पासून सुरुवात करू. प्रश्न त्यानंतर घेतो.