गोठ्यातल्या फळीवरची गोळी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. मी पशुवैद्यक. आज बोलायचंय ते गुरांच्या औषधांबद्दल, पण गुरांसाठी नव्हे, तुमच्यासाठी. गोठ्यातल्या फळीवर गोचिडाच्या औषधाशेजारी मागच्या आजारपणातल्या मोठ्या गोळ्या पडून असतात. आपण त्यांना बोलस म्हणतो. हा बोलस माणसानं घ्यायचा नाही. पुन्हा सांगतो, अर्धा नाही, पावही नाही.

माण तालुक्यातल्या एका आजोबांची गोष्ट सांगतो. त्यांच्या गाईला कासदाह झाला. अंगात ताप, कास टणक. मी इंजेक्शनं दिली, शिवाय मेलॉक्सिकॅम, म्हणजे दुखणं-सूज कमी करणारं औषध, आणि पॅरासिटामॉलचे बोलस लिहून दिले. गाय उठली, वैरण खाऊ लागली. एक पट्टी उरली. आजोबांचे गुडघे जुने दुखरे आणि पेरणी तोंडावर आलेली. त्यांनी बोलस ठेचून दोन तुकडे केले. एक सकाळी चहाबरोबर, एक रात्री. दोन दिवसांत आजोबा काठीविना पारावर हजर! वर दोघा सोबत्यांनाही तुकडे वाटले. म्हणाले, "गाईला उतार पडला, मग मला का न्हाई पडायचा?"

मग पोटात आग पडायला लागली. शौचाला डांबरासारखं काळं. लघवी कमी झाली. एका सकाळी मोरीपाशीच चक्कर येऊन पडले. विचारलं तर "काय खाल्लं न्हाई" एवढंच. सुनेनं मात्र गोठा धुंडाळला आणि रिकामी पट्टी पदराला बांधून दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी ती वाचली आणि मला फोन लावला. त्या एका बोलसमध्ये मेलॉक्सिकॅम होतं १०० मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला जास्तीत जास्त १५. म्हणजे आजोबा आठवडाभराचं औषध रोज गिळत होते! जठरातून रक्त जात होतं, मूत्रपिंडावर ताण आला होता. रक्त चढवलं, आजोबा वाचले. पारावरच्या दोघांनाही बोलावून तपासलं. त्या माउलीनं पट्टी नेली नसती तर डॉक्टर किती वेळ अंधारात चाचपडले असते!

पट्टीवर लिहिलेलं असतं की हे माणसासाठी नाही. पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत. महाराष्ट्रात विकलं जाणारं औषध, मग ही ओळ ठळक मराठीत का नसावी? मी हे प्रत्येक बैठकीत मांडतो आणि मांडत राहणार.

बोलस चारशे-पाचशे किलोच्या जनावरासाठी बनवलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा. अमेरिकेत २०२१ साली लोक करोनावर म्हणून घोड्यांची आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची पेस्ट खाऊ लागले, तेव्हा "तुम्ही घोडा नाही, गाय नाही" असं तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर सांगावं लागलं. आणि उलटा प्रकारही वाईटच. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर गुरांसाठी २००६ साली बंदी आली, तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. शेवटी २०१५ साली बाटली ३ मिलिलिटरवर आणावी लागली. ते औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं गेली. लहानपणी गावाबाहेर थव्यानं दिसायची. मला अजून त्याची हळहळ वाटते.

तर उरलेला बोलस पशुवैद्यकांना दाखवा, फळीवर ठेवू नका. कुणी आधीच घेतला असेल तर लपवू नका. पट्टी किंवा बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. पट्टी सोबत हवीच. गाडी नसेल तर माणसासाठी १०८ लावा. जनावर आजारी असेल तर १९६२.