माळ्यावरच्या तबकड्या

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या गणपतीत शेजारच्या काकूंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवून घेतली. आत गाण्यांच्या जुन्या तबकड्या, म्हणजे रेकॉर्ड. "बघ रे, काय वाजतंय का यातलं. नाहीतर देते भंगारात." पाकिटांवर पांढरी बुरशी आली होती, एका कोपऱ्यात वाळवीची मातीही होती. आपला पावसाळा लोणच्याला सोडत नाही, तो गाण्याला काय सोडणार!

ती गाणी संगणकावर उतरवून ठेवायची ठरवली. संगणकावर घेतलं की रेकॉर्ड आपोआप साफ होते, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. खाचेत मळ असताना वाजवलं, तर सुई तोच मळ आणखी आत दाबते. म्हणून आधी पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, विहिरीचं नको. मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल भिजू देऊ नका, आणि सावलीत उभी करून वाळवा. अंगणात उन्हात ठेवलीत, तर तबकडीचा पापड होईल.

एक मात्र जपा. 1948 साली आलेल्या लाँग प्ले रेकॉर्ड, म्हणजे एलपी, व्हिनाइल नावाच्या प्लास्टिकच्या. त्याआधीच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, बहुतेक लाखेच्या. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतो ना, तीच लाख. अशा तबकडीला सॅनिटायझर लावलात, तर मळाबरोबर गाणंही जाईल. 78च्या खाचा रुंद असतात, त्यांना सुईही जाड लागते. एलपीची बारीक सुई तिथे तळाशी घासत बसते.

पुढचं सोपं आहे. तबकडी फिरवणारं टर्नटेबल, सुईचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, तो आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यूएसबी साउंड कार्ड, लॅपटॉप, आणि आवाज टिपायचा ऑडॅसिटी हा प्रोग्राम, जो फुकट मिळतो. मागे घुंऽऽ असा आवाज आला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बरेचदा तोच चोर असतो. मध्येच लाईट गेली तर लॅपटॉप चालू राहतो, पण गाणारा हळूहळू खर्जात उतरत गप्प होतो. आमच्याकडे हे दोनदा झालं. काकू हसून हसून बेजार.

ध्वनिसंग्रहालयं अशा कामासाठी 24 बिट, 96 किलोहर्ट्झ हे माप धरतात, म्हणजे सेकंदाला 96 हजार वेळा आवाज बारकाईने मोजायचा. एलपीची वीस मिनिटांची एक बाजू त्या मापाने जवळजवळ 700 एमबी होते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवलीत तर जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काही जात नाही. एमपी3 भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ठीक.

आता माझी फजिती. खरखर काढताना प्रोग्रामला आधी नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो. मी गायन सुरू होण्याआधीचे दोन सेकंद निवडले. तिथे तानपुरा लागलेला होता! यंत्राच्या लेखी एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे कचरा. त्याने तानपुरा इमानेइतबारे उपसून काढला. उरलेला गळा पाण्याखालून आल्यासारखा, अधांतरी. नमुना घ्यायचा तो सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतच्या रिकाम्या खाचेचा. तोही हलक्या हाताने वापरायचा, कारण खरखरीबरोबर गायकाचा श्वासही निघून जातो. ठळक टक्‌टक्‌ तेवढी काढावी.

माझी पहिली, खरखर न काढलेली प्रत शाबूत होती म्हणून निभावलं. ती प्रत कधीच बदलायची नाही, जे काय प्रयोग करायचे ते तिच्या नकलेवर. सोबत लेबलचा फोटो आणि लेबलाशेजारी कोरलेला नंबरही ठेवावा. उद्या पाकीट गेलं तरी ओळख राहते.

काकूंची गाणी उतरवलेली संगणकाची एक डिस्क आता त्यांच्या कपाटात आहे. दुसरी चाकरमान्या भाच्याबरोबर डोंबिवलीला गेली, कारण दमटपणा डिस्कलाही लागतो. ट्रंक परत माळ्यावर चढली नाही. तबकड्या माजघरात उभ्या लावल्यात. आडव्या रचल्या, तर वरच्यांच्या भाराने खालच्या वाकतात.

नमस्कार.