तीन चौकोनी, एक गोल

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांना घेऊन मध्ययुगीन किल्ला बघायला जायचं ठरलं, की आपण मोठी माणसं आधी इतिहास वाचून घेतो. मग दरवाजातून आत शिरल्या शिरल्या राजे आणि सनावळ्या सुरू! पाच मिनिटांत मुलांना तहान लागते, पाय दुखायला लागतात. म्हणून सांगते, सगळा किल्ला दाखवायच्या मागे लागू नका. एक कोडं घाला आणि गप्प बसा.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, मेडवे नदीच्या काठावर रॉचेस्टरचा किल्ला आहे. त्याचा बालेकिल्ला म्हणजे सुमारे ३४ मीटर उंचीची दगडी चौकोनी इमारत. तिथे मी लेकीला एवढंच म्हटलं, "चार कोपऱ्यांच्या चार बुरुजांत एक वेगळा आहे, शोध." ती धावत चक्कर मारून आली. "आई, तीन चौकोनी आणि एक गोल! असं का?"

आता गोष्ट तिनेच मागितली होती.

१२१५ साली राजा जॉनविरुद्ध उठलेले बंडखोर या किल्ल्यात होते आणि राजाने वेढा घातला होता. दगडफेक करणाऱ्या यंत्रांना भिंत दाद देईना. तेव्हा त्याच्या माणसांनी कोपऱ्याखाली भुयार खणलं आणि वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरला. राजाने चाळीस लठ्ठ डुकरं मागवली. त्यांच्या चरबीने आग भडकवली, टेकू जळाले आणि अख्खा कोपरा खाली आला. आतले लोक मधल्या आडव्या भिंतीमागे सरकले आणि तरीही लढले; शेवटी उपासमारीने शरण आले. पुढे तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो कोपरा पुन्हा उभा राहिला, तो गोल.

लेक बराच वेळ त्या गोल भिंतीवर हात ठेवून उभी होती. मग आत गेल्यावर तिनेच वर बोट दाखवलं. भिंतीत उंचावर एक शेकोटीची जागा, खाली जमीनच नाही! तिथले लाकडी मजले कधीच गेलेत. तुळयांची भोकं तेवढी ओळीने उरली आहेत. ती मोजण्यात आमचा अर्धा तास गेला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

असंच जंगीचं, म्हणजे भिंतीतून बाण मारायला ठेवलेल्या फटीचं. मुलाला आतून तिच्यासमोर उभं करा. आतल्या बाजूला ऐसपैस कोनाडा, बाहेर मात्र बाण जाईल एवढीच फट. मग बाहेर जाऊन तीच फट खालून शोधायला सांगा. सापडता सापडत नाही.

गोल जिने अरुंद आणि झिजलेले असतात. चढताना लहान मुलाच्या मागे राहा, उतरताना पुढे.

आणि कधी फ्रान्समध्ये जाणं झालं, तर बर्गंडीतलं गेदलों चुकवू नका. तिथे १९९७पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने नवा किल्ला बांधतायत. मोठ्या लाकडी चाकात माणूस चालतो आणि दोराला बांधलेला दगड हळूहळू वर चढतो. रॉचेस्टरचा कोपरा कोसळलेला ज्या मुलाला ठाऊक आहे, ते त्या चाकापुढून लवकर हलायचं नाही.