किंमत कोण भरतं? ‘फॉल फ्रॉम हेवन’च्या नियमांबद्दल

नमस्कार मंडळी. आजचा विषय फॉल फ्रॉम हेवन २, म्हणजे सिव्हिलायझेशन ४ या टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी कॉम्प्युटर गेमवरचा मॉड (चाहत्यांनी मूळ गेम बदलून केलेली आवृत्ती), आणि त्यातही मला फक्त मेकॅनिक्सबद्दल, म्हणजे खेळाच्या नियमांबद्दल बोलायचंय, स्टोरी आणि चित्रं बाजूला ठेवून. मघाशी हात वर करायला सांगितलं तेव्हा निम्म्या लोकांनी खेळलाय असं दिसलं, बाकीच्यांसाठी पटकन सांगतो. मूळ गेम २००५ चा, बियाँड द स्वॉर्ड हे एक्सपान्शन २००७ चं, आणि हा मॉड त्या एक्सपान्शनवर चालतो. डेरेक पॅक्स्टन आणि त्याच्या टीमने बनवला, जगाचं नाव एरेबस, ते त्याच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळातून आलेलं. फायरॅक्सिसने गेमच्या डीएलएलचा (ज्या फाइलमध्ये नियम असतात तिचा) सोर्स कोड मॉडर लोकांना खुला करून दिला होता, त्यामुळे नुसते आकडे बदलून थांबायची गरज उरली नाही, थेट नियमच नव्याने लिहिता आले.

तर मुद्दा असा की हा मॉड खेळणारे चार जण एकत्र आले की पाचव्या मिनिटाला वाद सुरू होतो, कोणती सिव्ह (खेळायला निवडायचं राज्य) ओपी, म्हणजे नको तितकी ताकदवान आहे. २१ सिव्ह आहेत. एक म्हणतो कॅलाबिमचे व्हॅम्पायर नर्फ, म्हणजे कमजोर करायला हवेत, दुसरा म्हणतो शेआइमला कोण थांबवणार, तिसरा म्हणतो कुरिओटेट्स तर खेळायच्याच लायकीचे नाहीत. मला वाटतं आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. एखादी गोष्ट किती ताकदवान आहे हे नंतर बघा, आधी बघा की तिची किंमत कोण भरतं आणि कधी भरतं. या मॉडचं सगळं डिझाइन त्यावर उभं आहे असं माझं ठाम मत आहे.

पण आधी ताकद म्हणजे काय ते बघू, कारण इथेही लोक अंदाजाने बोलतात. लढाईचं इंजिन मूळ गेमचंच आहे. प्रत्येक युनिटचे (सैन्याच्या तुकडीचे) १०० हिट पॉइंट, लढाई राउंडमध्ये चालते, आणि राउंड जिंकायची शक्यता म्हणजे तुमची ताकद भागिले दोघांची बेरीज. सगळे बोनस धरून तुमची ताकद ६ आणि समोरच्याची ४ असेल तर प्रत्येक राउंडला ६० टक्के. आता ऐकताना वाटतं की ६० टक्के म्हणजे थोडंसंच वरचढ, पण डॅमेजसुद्धा ताकदीवरच ठरतो ना, तुमचा एक फटका २४ चा आणि त्याचा १६ चा, म्हणजे तुम्हाला ५ फटके पुरतात आणि त्याला ७ लागतात, आणि अख्खी लढाई जिंकायची शक्यता जाते ९० टक्क्यांवर.

आता गंमत बघा, २४ चे ४ फटके म्हणजे ९६. चार पॉइंट कमी पडले म्हणून पाचवा फटका मारायला लागतो. ताकद ६ ची ६.३ केली की फटका होतो २५ चा, चार फटक्यांत काम तमाम, आणि जिंकायची शक्यता ९५ च्या वर जाते. म्हणजे ५ टक्के ताकद वाढली आणि हरायचा धोका निम्म्यावर आला. म्हणून ब्राँझची शस्त्रं मिळाल्यावर जी १ ताकद वाढते, किंवा ॲडेप्टकडून (शिकाऊ जादूगाराकडून) लढाईच्या आधी एन्चान्टेड ब्लेड हा ताकद वाढवणारा मंत्र मारून घेतला जातो, त्याला किरकोळ समजू नका. कुठल्या आकड्यावर एक फटका वाचतो हे ज्याला कळलं तो कमी सैन्यात शहर घेतो.

आता किंमतीकडे या. कॅलाबिमपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यांच्यावरच. व्हॅम्पायर शहरात उभा राहतो, फीस्ट करतो, शहराची एक लोकसंख्या जाते आणि त्याला एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, शहर जेवढं मोठं तेवढा जास्त. लढाई न करता लेव्हल वाढते म्हटल्यावर लोकांना ओपी वाटणं साहजिक आहे. पण तो काय खातोय? तुमचंच शहर खातोय. जो माणूस शेतात अन्न काढत होता, कॉटेजमधून पैसा आणत होता, तो गेला, वर लोक नाराज. मग कॅलाबिमची गव्हर्नर्स मॅनर ही इमारत त्या नाराज लोकांकडूनच प्रॉडक्शन काढून घेते, इतकं घट्ट विणलेलं आहे हे. म्हणजे कॅलाबिम नीट खेळायचं तर आधी उत्तम शेतकरी व्हायला लागतं, नदीकाठ, पूरमैदान, भरपूर अन्न, आणि शहर भराभर वाढवून पुन्हा खायचं. ज्याने सुरुवातीला चांगली जमीन धरली नाही त्याचे व्हॅम्पायर उपाशी आणि शहरं ओस. त्यामुळे यांना थांबवायचं असेल तर सैन्याशी लढत बसू नका, त्यांची शेतं लुटा. घोडेवाले हिप्पस शेजारी असले की कॅलाबिमचे वांधे होतात ते यामुळेच.

कुरिओटेट्सची किंमत सुरुवातीलाच भरायची असते. खरी शहरं मोजकीच मिळतात, किती ते नकाशाच्या आकारावर, त्यापुढच्या नुसत्या वस्त्या. बदल्यात शहराला तिसरं रिंग मिळतं, इतरांचं शहर नकाशावरच्या २१ टाइल्सवर (चौकोनांवर) चालतं आणि यांचं ३७ वर. पहिलं शहर कुठे वसवायचं हा निर्णय यांच्याइतका जड कोणालाच नाही. खझादचं तर तिजोरीवरच सगळं, शहरामागे सोनं साठलेलं असेल तर लोक खूश, आणि अडचणीत ते सोनं खर्च केलं की त्याच वेळी लोक नाराज, म्हणजे संकटात दुहेरी मार.

जादूची किंमत म्हणजे वेळ. ॲडेप्टला बसल्या बसल्या एक्सपी मिळत राहतो पण जसजसा वाढतो तसा वेग मंदावतो, लेव्हल ४ शिवाय मेज (पुढचा जादूगार) होत नाही, लेव्हल ६ शिवाय आर्चमेज (सगळ्यात वरचा) होत नाही, आणि आर्चमेज चारच ठेवता येतात. म्हणून नवीन खेळाडू ॲडेप्ट पुढच्या रांगेत पाठवतो तेव्हा मला वाईट वाटतं. मरतो तो एक स्वस्त युनिट, पण त्याच्यात घातलेला काळ परत मिळत नाही. वर्ल्ड स्पेल, म्हणजे सिव्हची खास मोठी जादू, तर अख्ख्या गेममध्ये एकदाच, एलोहिमने सँक्चुअरी मारली की काही टर्न त्यांच्या हद्दीत परक्याचं सैन्य येऊच शकत नाही, पण ती लवकर मारली तर नंतर हात रिकामे.

आत्तापर्यंतच्या सगळ्या किमती ज्याच्या त्याने भरायच्या होत्या. आता आर्मागेडन काउंटर, म्हणजे जगाचा अंत किती जवळ आला ते मोजणारा आकडा. माझ्या मते फॅन्टसी स्ट्रॅटेजीमध्ये यापेक्षा चांगला नियम मी पाहिलेला नाही, कारण इथे एकाने मजा करायची आणि बिल सगळ्या जगाच्या नावावर फाडायचं.

काउंटर ० पासून १०० पर्यंत जातो आणि तो सगळ्यांचा मिळून एकच. कोणी शहर जिंकून जाळून टाकलं की वाढतो, ॲशन व्हेल हा धर्म पसरला की वाढतो. वाढत गेला की नरकाची जमीन पसरायला लागते, आधी दुष्ट सिव्हच्या हद्दीत, मग तटस्थ, शेवटी चांगल्यांच्या. आणि ही जमीन नुसती लाल दिसते असं नाही, तुमचा गहू, मका, तांदूळ जाऊन तिथे स्नेक पिलर उभे राहतात, घोड्यांचे नाइटमेअर होतात. गव्हावर वाढलेलं शहर चार टर्नमध्ये उपाशी मरायला लागतं आणि तुम्ही तर कोणाचंच काही जाळलेलं नसतं! पुढे चार घोडेस्वार येतात, स्टेफानोस, बुबोज, यर्सिनिया आणि आर्स मोरिएंडी, आणि १०० ला पोचला की लोकसंख्या आणि जिवंत सैन्य यांची जगभर कत्तल.

आता हे कोणाला परवडतं ते बघा. इन्फर्नल या नरकातल्या सिव्हला अन्न लागतच नाही, त्यांची शहरं मेलेल्या दुष्टांच्या आत्म्यांवर वाढतात. शेआइमच्या प्लेनर गेटमधून जितका काउंटर जास्त तितके राक्षस बाहेर. त्यामुळे तटस्थ राहून शांतपणे टॉवर ऑफ मास्टरी बांधून जिंकू म्हणणाऱ्याला कधीतरी ठरवावंच लागतं. मल्टिप्लेअरमध्ये खरी चर्चा इथे रंगते, तू ते शहर जाळलंस का, ठेवून का नाही घेतलंस, तुझ्यामुळे माझा गहू गेला. दोन शत्रू एकत्र येऊन व्हेलवाल्यावर चालून जातात, आणि त्यासाठी कुठलाही डिप्लोमसीचा वेगळा नियम लिहावा लागलेला नाही. काउंटरवर उताराही आहे. लाइफ माना (जीवनाच्या जादूची शक्ती) असलेला ॲडेप्ट सँक्टिफाय हा मंत्र मारून नरकाची जमीन साफ करतो, जळलेल्या शहराचे अवशेष साफ केले तर काउंटरही खाली येतो. पण त्यासाठी कोणीतरी आपला ॲडेप्ट दुसऱ्याने जाळलेल्या गावात पाठवायला हवा ना, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

प्रश्न आला होता की कॉम्प्युटर हे सगळं समजतो का. मूळ मॉडमध्ये एआय जादूत आणि समुद्रावर कच्चा आहे, किमतीचा हिशोब त्याला जमत नाही. मोअर नेव्हल एआय नावाचा मॉडमॉड (मॉडवरचा मॉड) आहे, नाव नौदलाचं असलं तरी एकूणच एआय बराच सुधारलाय, एकट्याने खेळणाऱ्यांनी तोच घ्यावा.

दुसरा प्रश्न, पहिल्यांदा खेळताना कोणती सिव्ह घ्यावी. ल्योसाल्फार घ्या. हे एल्फ जंगल न तोडता त्यातच शेती करतात, त्यामुळे नवीन माणसाला जमिनीचा फार विचार करावा लागत नाही आणि बाकीचे नियम शिकायला सवड मिळते. फक्त एक सांभाळा, या मॉडमध्ये आगीच्या जादूने जंगल पेटतं, आग शेजारच्या टाइलवर जाते, आणि यांचं सगळं राज्यच जंगलात. एक माना नोड (नकाशावरची जादूच्या शक्तीची जागा) वॉटरचा करा आणि स्प्रिंग हा मंत्र शिकलेला ॲडेप्ट सीमेजवळच्या शहरात कायम ठेवा, स्प्रिंगने आग विझते.