कोळशाच्या भट्टीतला धूर

ही बाटली मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. झाकण काढून वास घ्या, पण हाताला लावू नका, आम्ल आहे. कसला वास येतोय? बरोबर, चुलीच्या धुराचा. हे सुबाभळीच्या लाकडाचं तेल. तेल म्हणजे काय, नाव सोनूबाई! यात पाव हिस्सा पाणीच असतं, ते डिझेलमध्ये मिसळत नाही आणि किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी.

आपल्या ठाणे-रायगडकडे कातकरी माणसं कोळशाच्या भट्ट्या लावत आली. ओंडके रचायचे, वर पाला-माती लिंपायची, मग भट्टी कित्येक दिवस धुमसते. हाती येतो कोळसा. लाकडाचा मोठा हिस्सा धूर होऊन आभाळात जातो. आम्ही तो धूरच धरतो. त्यासाठी घाई लागते. हवा लागू न देता साधारण 500 अंशांना लाकूड तापवायचं आणि निघालेली वाफ दोन सेकंदांच्या आत गार करायची, की तिचंच हे तेल होतं. रेंगाळली तर ती आणखी फुटते, तेल घटतं, गॅस वाढतो.

पण लाकूड उष्णता आत शिरू देत नाही. एका टोकाला पेटलेलं लाकूड आपण दुसऱ्या टोकाला धरतोच की. म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा भुसा करून तो तापल्या वाळूत सोडायचा, फुटाणेवाला हरभरे सोडतो तसा. शंभर किलो कोरड्या भुशामागे 60 ते 75 किलो द्रव मिळतो. उरलेला कोळसा आणि गॅस जाळून वाळू तापती ठेवायची.

खरी मारामारी पाण्याशी. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं, आणि भुसा हवा दहा टक्क्यांच्या आत. जुलैत ठाण्यात पापड वाळत नाहीत, तिथे भुसा कुठला वाळणार! वाळवणीला वेगळी उष्णता द्यावीच लागते. सालही काढलेली बरी. तिच्यातल्या राखेतलं पोटॅशियम वाफ फोडतं.

आमची एक फजिती सांगतो. पहिलं तेल साध्या लोखंडी पिंपात ठेवलं. काही महिन्यांनी पाहतो तर पिंपाला भोकं आणि तळाला काकवीसारखा गाळ. तेव्हापासून स्टेनलेस स्टील, आणि साठवणही थोड्या दिवसांचीच.

स्कूटरमध्ये चालेल का, असं विचारताय. नाही. पण रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या बॉयलरांसाठी, बर्नर बदलून, चालेल. घनमीटरमागे लाकडाच्या ढलप्यांच्या पाचपट उष्णता यात मावते. लाकूड लांबचं असेल तर वाहतूक तिथे वाचते.

आणि सुबाभूळ. तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते, हा तिचा गुण. तिच्या शेंगा उन्हात तडकल्या की बी कुठेही रुजतं, हा दोष. त्यामुळे येऊरच्या जंगलाशेजारी मी ती लावू देणार नाही. पडीक जमिनीवर, शेंगा धरण्याआधी तोड होणार असेल, तरच.