सोळा कोअर आणि एक लग्न

(दृश्य : पडद्यावर टास्क मॅनेजर. सोळा चौकटी, सोळा आलेख.)

दोन तासांच्या लग्नाचा व्हिडिओ एन्कोडिंगला, म्हणजे दाबून लहान फाइल करायला, लावलाय. मशीन सोळा कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी राबू शकणारे सोळा गडी. पण आलेख बघा, एकही चौकट भरलेली नाही. एकूण वापर चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळतोय. पैसे सोळा कोअरचे मोजलेत, राबतायत जेमतेम सहा-सात.

यात प्रोसेसरचा दोष नाही. अडचण व्हिडिओच्या स्वभावातच आहे.

हे काम करणारा प्रोग्रॅम, म्हणजे एन्कोडर, प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) अख्खी साठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच टिपतो. नवरीचा हात हलला, मागचा मांडव तसाच राहिला. म्हणजे ही फ्रेम करायची तर तिच्या आधीची हाताशी हवी. एक दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर सोळा जणांना एकदम काम द्यायचं कसं?

(दृश्य : एका फ्रेमचे आडवे चार तुकडे.)

एक्स-२६४ या एन्कोडरनं आधी सरळ उपाय केला. फ्रेमचे आडवे काप करायचे आणि प्रत्येक थ्रेडला, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याला, एकेक काप द्यायचा. वेग वाढला, पण एका कापाला शेजारच्या कापातलं काही वापरता येईना. त्यामुळे त्याच दर्जासाठी फाइल फुगायची. २००६च्या अखेरीस पद्धत बदलली. आता प्रत्येक थ्रेड स्वतंत्र फ्रेम घेतो, आणि आधीच्या फ्रेमचा लागणारा भाग तयार झाला की लगेच कामाला लागतो. ती पूर्ण व्हायची वाट बघत नाही. शेतात एका औतामागे दुसरं औत जरा अंतर ठेवून चालतं, तसंच.

एक्स-२६५ हा दुसरा एन्कोडर हीच चाल एका फ्रेमच्या आतही खेळतो. फुल एचडी चित्राचे ६४ पिक्सेलचे चौकोन पाडले, तर ३० स्तंभ आणि १७ ओळी होतात. वरच्या ओळीचे दोन चौकोन झाले की खालची ओळ सुरू.

(दृश्य : चौकोन तिरक्या लाटेसारखे भरत जातात.)

आता हिशोब करू. चौकोन ५१०. प्रत्येकाला सारखाच वेळ लागतो असं धरलं, तर लाट ६२ टप्प्यांत संपते. म्हणजे सरासरी आठच कोअर कामात! म्हणून एक्स-२६५ एकाच वेळी अनेक फ्रेमही हाती घेतो. चौकोन ३२ पिक्सेलचे केले तर ही सरासरी सोळावर जाते, बदल्यात कॉम्प्रेशन थोडं घसरतं. घरच्या लग्नासाठी मी हा सौदा करणार नाही.

मग करायचं काय? आधी एन्कोडरपर्यंत फ्रेम पोचण्यापूर्वी काय चालतं ते बघा. पुष्कळदा खोळंबा तिथेच असतो. नॉइज (चित्रातले नकोसे ठिपके) काढणारा फिल्टर एकाच थ्रेडवर चालत असेल, तर एन्कोडर फ्रेमची वाट बघत हात चोळत बसतो. थ्रेडचा आकडा कितीही वाढवा, फरक पडत नाही. एक्स-२६४ तर मुळातच, काही न सांगता, लॉजिकल कोअरच्या (ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणाऱ्या कोअरच्या) दीडपट थ्रेड घेतो.

१९६७मध्ये संगणक-अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी हेच मांडलं. कामाचा दहा टक्के भाग एकट्यानंच करावा लागत असेल, तर सोळा कोअरवर वेग सोळापट होत नाही. ६.४ पट होतो.

(दृश्य : टाइमलाइनवर कात्री. हळद, लग्नविधी, पंगत, पाठवणी.)

खरी युक्ती इथे आहे. फाइल प्रसंग बदलतो तिथे कापायची आणि चार तुकडे चार एन्कोडरना एकाच वेळी द्यायचे. पंगतीला हळदीच्या फ्रेमची गरज नसते. नेटफ्लिक्सही चित्रपटाचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर वाटतो. ठरावीक बिटरेटऐवजी (दर सेकंदाला किती डेटा) सगळ्या तुकड्यांना एकच सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) द्या, म्हणजे दर्जा सारखा राहील. आवाज मात्र कापू नका, तो सलग एकदाच एन्कोड करा. शेवटी एफएफएमपेग या प्रोग्रॅमनं तुकडे जोडा, पुन्हा एन्कोड न करता. रॅम पुरेशी हवी, कारण चारही एन्कोडर आपापला वाटा मागतात.

(दृश्य : पुन्हा टास्क मॅनेजर. सोळाही आलेख वर. पंख्याचा आवाज.)

लॅपटॉप असेल तर पाचेक मिनिटांनी प्रोसेसरच्या घड्याळाचा वेगही (क्लॉक स्पीड) बघा. तापला की तो स्वतःहून मंदावतो. इथे डेस्कटॉप आहे, पंखा तेवढा ओरडतोय. पंगत पहिली संपली. पाठवणी अजून चालू आहे.